कोर्दोबात भेटलेली अष्टमी

ऑफिसच्या कामासाठी मालागाला जायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात स्पेन म्हणजे फुटबॉल, टोमॅटोची मारामारी आणि ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ एवढंच होतं. काम शुक्रवारी संपलं, परतीचं विमान रविवारी होतं. मधल्या शनिवारी काय करायचं म्हणून फोनवर शोधलं तर ट्रेनने तासाभरावर कोर्दोबा दिसलं. तिकीट काढलं आणि गेले. इतिहासाची ओढ वगैरे काही नव्हती. रोह्याची मुलगी आहे, ट्रेन सोयीची असली की मी कुठेही जाते.

कोर्दोबाला सगळे जातात ते मेस्किता पाहायला. मीही गेले. इ. स. ७८५ च्या सुमारास अब्द अल रहमान पहिला याने बांधायला घेतलेली मशीद. पुढच्या दोनशे वर्षांत ती तीनदा वाढवली गेली. आत साडेआठशेच्या वर खांब आणि त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी. मग १२३६ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर घेतलं, मशिदीचं चर्च झालं, आणि १५२३ पासून त्या खांबांच्या जंगलाच्या बरोबर मध्यावर एक अख्खं कॅथेड्रल उभं राहिलं. कमानींमधून चालत असताना अचानक छत उंच जातं आणि तुम्ही दुसऱ्याच धर्माच्या इमारतीत असता. मी फोटो काढले, स्टेटस टाकलं आणि बाहेर पडले.

खरी गोष्ट पुढच्या गल्लीत घडली.

मशिदीच्या पश्चिमेला पांढऱ्या भिंतींच्या अरुंद गल्ल्या आहेत. भिंतींवर कुंड्या, दारांत दुकानं. या भागाला हुदेरिया म्हणतात, म्हणजे यहुदी वस्ती. तिथल्या ‘यहुद्यांची गल्ली’ असंच नाव असलेल्या रस्त्यावर एक सिनेगॉग आहे, १३१५ मध्ये बांधलेलं. जेमतेम सात मीटर लांबीची एक खोली, वर बायकांसाठी सज्जा, भिंतींवर गिलाव्यात कोरलेली नक्षी आणि हिब्रू अक्षरं. स्पेनमध्ये मध्ययुगातली सुस्थितीत उरलेली सिनेगॉगं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यातली दोन तोलेदोत आहेत आणि एक हे.

आम्ही पंधरा-वीस जण त्या खोलीत दाटीवाटीने उभे होतो. गाईड सांगत होता की १४९२ नंतर इथे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर उपचार करणारं हॉस्पिटल झालं, मग चांभारांच्या संघाचं प्रार्थनाघर झालं. १८८४ मध्ये गिलावा निघाला आणि खालून हिब्रू अक्षरं वर आली. तोपर्यंत हे सिनेगॉग होतं याची गावाला आठवणही नव्हती. मग त्याने एक प्रश्न विचारला : ‘यहुदी निघून गेल्यावर त्यांचं घर कोणतं होतं हे कसं ओळखायचं?’ आणि स्वतःच फोनवर एक फोटो दाखवला. हिरोना गावातल्या दगडी दाराचा उजवा खांब होता तो. साधारण खांद्याच्या उंचीवर त्यात बोटभर लांब खाच होती. तिथे मेझुझा असायची. चर्मपत्राच्या तुकड्यावर तोरामधली वचनं लिहून, त्याची गुंडाळी नळीत घालून ती दाराच्या उजव्या खांबाला लावायची असते. माणसं गेली, मेझुझा गेली, खाच तेवढी राहिली.

बाकीचे पुढे सरकले. मी तिथेच उभी राहिले, कारण ती खाच मी ओळखत होते.

आमच्या दाराची खाच

आमचं घर अष्टमीत आहे. कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. मध्ये पूल आहे आणि नगरपरिषद दोघांची मिळून एकच, ‘रोहा अष्टमी’. घराच्या जुन्या सागवानी चौकटीत उजव्या हाताला, खांद्याच्या जरा वर, एक तिरकी खाच आहे. वर एक आणि खाली एक अशी खिळ्याची दोन भोकं. लहानपणी मी त्या खाचेत खडूचे तुकडे लपवायची. आजी तिथे उदबत्ती खोचायची. ती कशासाठी आहे असं कधी विचारलं नाही. जुन्या घरात अशा दहा गोष्टी असतात.

एवढं माहीत होतं की घर आजोबांनी ‘इस्रायल लोकांकडून’ घेतलं होतं. आमच्याकडे जुनी माणसं असंच म्हणतात, यहुदी नाही, ज्यू नाही, ‘इस्रायल लोक’. पण एखाद्या गोष्टीची माहिती असणं आणि ती लक्षात येणं यात फरक असतो. तो फरक मला सात हजार किलोमीटर लांब जाऊन कळला.

रात्री मालागाला परत येताना ट्रेनमध्ये मी १४९२ बद्दल वाचत बसले. ३१ मार्च १४९२ ला इझाबेला आणि फर्डिनांड यांनी फर्मान काढलं : बाप्तिस्मा घ्या, नाहीतर जुलैअखेर देश सोडा. मालमत्ता विकायची मुभा होती, पण सोनं, चांदी, नाणी बाहेर नेता येणार नव्हती. याचा अर्थ व्यवहार कळणाऱ्या कोणालाही समजेल. चार महिन्यांत सगळ्यांना विकायचंय आणि घेणाऱ्याला घाई नाही. त्या काळच्या एका स्पॅनिश इतिवृत्तकाराने लिहून ठेवलंय की लोक घराच्या बदल्यात गाढव घेऊन गेले आणि द्राक्षमळ्याच्या बदल्यात कापडाचा तुकडा.

म्हणजे आज कुंड्या टांगून सुंदर दिसणाऱ्या त्या घरांत कुणीतरी पुढचा माणूस राहायला आला, ज्याने ते घर एका गाढवाला घेतलं होतं. आणि मग जो प्रश्न यायचा तो आलाच. माझ्या आजोबांनी आमचं घर कितीला घेतलं होतं?

कोर्दोबाचा मुलगा आणि हिंदी महासागर

सिनेगॉगपासून दोन मिनिटांवर एका छोट्या चौकात फेटा बांधलेल्या, हातात पुस्तक घेतलेल्या माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे. येणारे-जाणारे त्याच्या पायाला हात लावतात, त्यामुळे एक जोडा सोन्यासारखा चकचकीत झालाय. हा मायमोनिडीस, म्हणजे मोशे बेन मायमोन. जन्म ११३८ च्या सुमाराचा, इथलाच. तो दहा-एक वर्षांचा असताना, ११४८ मध्ये, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अल्मोहाद राजवटीने कोर्दोबा घेतलं. त्यांच्या राज्यात यहुदी आणि ख्रिस्ती लोकांना धर्म बदला किंवा जा, असाच पर्याय उरला. हे कुटुंब बाहेर पडलं. आधी स्पेनमध्येच इकडे-तिकडे, मग मोरोक्को, पॅलेस्टाइन आणि शेवटी इजिप्त. तिथे तो सुलतानाच्या दरबारातला वैद्य झाला आणि यहुदी धर्मशास्त्रातला सगळ्यात मोठा अधिकारी.

त्याला धाकटा भाऊ होता, डेव्हिड. रत्नांचा व्यापारी. मोठ्याने ग्रंथ लिहायचे आणि धाकट्याने घर चालवायचं, अशी वाटणी होती. डेव्हिडने ११७० च्या आसपास तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून भावाला लिहिलेलं पत्र कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांच्या ढिगात सापडलं, ते आज केंब्रिजला आहे. वाळवंट कसंबसं ओलांडलं, पण इथे घेण्यासारखा माल नाही, म्हणून भारताच्या बोटीवर चढतोय, असा त्याचा आशय. ते जहाज बुडालं. मायमोनिडीसने नंतर एका मित्राला लिहिलं की भाऊ हिंदी समुद्रात गेला, त्याच्याबरोबर माझा, त्याचा आणि इतरांचा पैसाही गेला, मागे त्याची बायको आणि लहान मुलगी राहिली. त्या बातमीने तो वर्षभर अंथरुणाला खिळला होता.

हे वाचताना मी थांबले. भारताकडे येणारं जहाज, बुडालेली माणसं. हे तर आमच्याकडचंच कथानक आहे.

अलिबागजवळच्या नवगावला जाऊन पाहा. बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज तिथल्या समुद्रात फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना किनाऱ्यावर दोन ठिकाणी पुरलं. सामान गेलं, पोथ्या गेल्या. वाचलेल्यांनी कोकणात तेलाचा घाणा धरला आणि गावोगाव पसरले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना नाव पडलं शनिवार तेली. हिंदू तेली सोमवारी सुट्टी घ्यायचे, ते सोमवार तेली. गावाला धर्मशास्त्रापेक्षा घाणा कधी चालू आणि कधी बंद, हे जास्त महत्त्वाचं होतं, आणि ते बरोबरच होतं.

गावावरून आडनावं आली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, वाक्रुळचे वाक्रुळकर, झिराडचे झिराडकर, किहीमचे किहीमकर. चौलचे चेऊलकर. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा आठवतो? तो नट डेव्हिड, पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

जहाज नेमकं कधी फुटलं, यावर दोन हजार वर्षांपूर्वीपासून पुढे बऱ्याच तारखा सांगितल्या जातात. माझ्यासारख्या आकड्यांत रमणाऱ्या माणसाला २०१६ मध्ये आलेला एक जनुकीय अभ्यास जास्त पटतो. अठरा बेने इस्रायल व्यक्तींच्या डीएनएवरून त्यात दिसलं की या समाजात पश्चिम आशियाई यहुदी आणि भारतीय, दोन्ही वंशधारा आहेत आणि त्यांचं मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे अंदाजे साडेसहाशे ते एक हजार पन्नास वर्षांपूर्वी झालं. गंमत अशी की मायमोनिडीस बरोबर त्या काळात बसतो.

आणि त्याने भारतातल्या यहुद्यांबद्दल लिहिलंयसुद्धा. ११९९ च्या सुमारास फ्रान्समधल्या ल्युनेल गावच्या विद्वानांना पाठवलेल्या पत्रात तो म्हणतो की भारतातल्या यहुद्यांना तोरा माहीत नाही. ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता करतात, बस्स, धर्मातलं एवढंच त्यांच्याकडे उरलंय. कुठले यहुदी ते त्याने लिहिलेलं नाही. पण शनिवार आणि सुंता एवढंच उरलेले, पोथ्या गमावलेले लोक, हे वर्णन कोकणातल्या शनिवार तेल्यांना इतकं बसतं की अनेक अभ्यासकांना ते त्यांचंच वाटतं.

डेव्हिड नावाचा दुसरा माणूस

बेने इस्रायल परंपरेतही एक डेव्हिड आहे. डेव्हिड रहाबी. तो बाहेरून आला, शनिवार पाळणारे हे तेली त्याने पाहिले आणि त्याला शंका आली. त्याने बायकांना वेगवेगळे मासे आणून दिले आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. यहुदी आहारनियम नेमका हाच आहे. संकटकाळी म्हणायची ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थनाही त्यांच्या तोंडी होती. रहाबीने त्यांना ओळखलं, शिकवलं आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्माचं काम दिलं. त्यांना म्हणायचे काझी.

ही मासळीची कसोटी मला फार आवडते. ग्रंथ बुडाला तरी स्वयंपाकघराने धर्म सांभाळला होता.

रहाबी कधी आला, यावरही वाद आहे. परंपरा त्याला हजार किंवा सहाशे वर्षं मागे नेते. काहींनी तर तो मायमोनिडीसचा भाऊच, म्हणजे बुडालेला डेव्हिडच, अशी जुळवाजुळव केली. इतिहासकार बहुधा अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याकडे बोट दाखवतात. मला यातली दुसरी बाजू पटते. पण पहिली का तयार झाली असेल, हेही कळतं. भावाला समुद्राने परत दिलं नाही, तर गोष्टीने दिलं.

कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी एकोणिसाव्या शतकात इथल्या लोकांना हिब्रू आणि उपासनेची पद्धत शिकवली. ही पद्धत कुठली? सफार्दी. हिब्रूत सफारद म्हणजे स्पेन. स्पेन-पोर्तुगालमधून हाकललेली काही कुटुंबं फिरत फिरत कोचीनला पोहोचली होती, आणि जगभर छापली जाणारी प्रार्थनापुस्तकंही याच पद्धतीची होती. पुढे रेवदंड्याला १८४२ मध्ये ‘बेथ एल’ उभं राहिलं, पेणला १८६३ मध्ये ‘बेथ हा-एलोहीम’, अष्टमीला १८८२ मध्ये पुन्हा ‘बेथ एल’. तिन्ही नावांचा अर्थ एकच, देवाचं घर. आणि तिन्हीकडे प्रार्थना त्या देशाच्या नावाच्या पद्धतीने, ज्या देशात तेव्हा कोर्दोबाच्या सिनेगॉगवर गिलावा होता. अष्टमीचं सिनेगॉग उभं राहिल्यावर दोन वर्षांनी तो गिलावा निघाला.

तीस किलोमीटरवरचा स्पेन

घरी आल्यावर मी स्कूटर काढली आणि रेवदंड्याला गेले. रोह्याहून तीसेक किलोमीटर, कुंडलिका समुद्राला मिळते तिथे. शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा किल्ला, नारळाच्या वाड्या आणि सातखणी मनोरा एवढं पाहिलं होतं. या वेळी वेगळं दिसलं.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशाहाच्या परवानगीने इथे किल्ला बांधायला घेतला. तटाच्या आत शहर वसलं, चर्चं झाली, मठ झाले. रेशमासाठी चौलचं नाव युरोपात झालं. १५८० पासून साठ वर्षं पोर्तुगालचा राजा आणि स्पेनचा राजा एकच होता. म्हणजे १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी समोरचा कोर्लईचा डोंगर बुऱ्हाण निजामशाहाच्या सैन्याकडून घेतला, तेव्हा रेवदंड्यावर माद्रिदच्या राजाची सत्ता होती. यहुद्यांना देशाबाहेर घालवणाऱ्या इझाबेलाचा तो पणतू, दुसरा फिलिप.

त्या राज्यात यहुदी असणं म्हणजे काय, ते गार्सिया द ऑर्टाच्या गोष्टीतून कळतं. त्याचे आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून पोर्तुगालला पळालेले यहुदी. तिथे १४९७ मध्ये सगळ्यांना सक्तीने ख्रिस्ती केलं. ऑर्टा वैद्य झाला, गोव्याला आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर त्याने उपचार केले, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. भारतीय औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, लपून यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळलं. १५८० मध्ये ऑर्टाची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. तटाच्या आत अशा धर्मन्यायालयाची सत्ता. तटाबाहेर, खाडीच्या वरच्या अंगाला, कोकणातल्या गावांत शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसं. त्यांना कुणी विचारत नव्हतं की तुम्ही शनिवारी काम का करत नाही. फार तर तेल रविवारी मिळेल एवढंच.

मला हे सांगून ‘आपण किती सहिष्णू’ असा ढोल वाजवायचा नाही. गावात त्यांना तेल्याचीच जागा होती, आणि तेल्याच्या जागेला जातीच्या उतरंडीत काय मान होता हे आपल्याला माहीत आहे. ते स्वतःही ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद पाळत होते. पण घर सोडून पळावं लागलं नाही, हेही खरं आहे. इतिहासात ही गोष्ट दिसते त्याहून दुर्मीळ असते.

मराठीत यहुदी

पळावं लागलं नाही म्हणून भाषा रुजली. सॅम्युअल इझिकेल दिवेकर हा इंग्रजांच्या फौजेतला अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटून आला आणि त्याने १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याला मराठीत काय म्हणायचे? मशीद. जुनी मशीद. पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडण सणाची पोथी मराठी अर्थासह निघाली, तिच्यातल्या चित्रात नऊवारी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. १८८० च्या सुमारास मुंबईत यहुदी कीर्तनं सुरू झाली. अब्राहम, मोशे, योसेफ यांची आख्यानं, साकी-दिंडीत, टाळ-पेटीवर. ती सुरू करणाऱ्यांमध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर होते. आडनाव पुन्हा वाचा. आमच्या गावचं.

आणि मलिदा. शुभकार्य असलं की एलियाहू हानबीच्या नावाने भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, सुकामेवा घालून ताट सजवायचं, बाजूला फळं मांडायची. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यहुद्यांमध्ये हा प्रकार नाही. पेण ज्यासाठी ओळखलं जातं त्या पोह्यांचा प्रसाद बायबलमधल्या प्रेषिताला.

खरेदीखत

मग मी बाबांना विचारलं, ‘आजोबांनी घर कितीला घेतलं होतं?’

‘का गं? विकायचंय?’

कोर्दोबाचं सगळं सांगितलं. गाढवाचंही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं खरेदीखत काढून माझ्यासमोर ठेवलं. १९६२ सालचं. लिहून देणाराच्या नावापुढे ‘जात इस्रायल, धंदा नोकरी’, लिहून घेणाराच्या नावापुढे आमची जात आणि ‘धंदा शेती’. रक्कम दोन हप्त्यांत. पहिला रोख, दुसऱ्याची पावती मागे टाचलेली. बाबा म्हणाले, दुसऱ्या हप्त्यासाठी आजीच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या वेळी गावात तशा घराची किंमत काय असेल, याचा अंदाज मी आणखी दोघा-तिघा जुन्या माणसांकडून घेतला. भाव रास्त होता. फार चांगला नव्हता, पण रास्त होता.

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. लगेच त्या हायसं वाटण्याची थोडी लाजही वाटली.

कारण १९६२ हे साल साधं नाही. इस्रायल १९४८ मध्ये झालं आणि कोकणातून, मुंबईतून कुटुंबं जायला लागली. कुणी हाकललं नव्हतं. धर्माची ओढ होती, नव्या देशाची होती, पोरांच्या भविष्याचा हिशोब होता, आधी गेलेल्या नातेवाइकांची पत्रं होती. पण तिकडच्या धर्मगुरूंना प्रश्न पडला की हे लोक पूर्ण यहुदी आहेत का. इतकी शतकं यांना लग्न-घटस्फोटाचे शास्त्रोक्त नियम माहीत नव्हते, मग यांच्याशी लग्न लावावं का? १९६२ मध्ये आदेश निघाला की बेने इस्रायल व्यक्तीच्या लग्नाआधी तिच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. लोक चिडले, मोर्चे काढले, धरणं धरली. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि धर्मगुरूंना माघार घ्यावी लागली.

म्हणजे ज्या वर्षी त्या कुटुंबाने अष्टमीतलं घर विकलं, त्याच वर्षी पलीकडे त्यांचं यहुदीपण तपासायचा हुकूम निघत होता. ल्युनेलच्या पत्रातला शेरा साडेसातशे वर्षांनी सरकारी कागदावर आला होता. अष्टमीत मात्र त्यांच्याबद्दल अशी शंका कुणालाच नव्हती. इथे ते ‘इस्रायल’च होते.

बाबांना आठवतं, काही वर्षं त्यांची पत्रं यायची, मराठीत. पाऊस कसा आहे, नदीला पूर आला का, दारातलं सोनचाफ्याचं झाड आहे का. एकदा लिहिलं होतं की इथे आम्हाला ‘इंडियन’ म्हणतात. मग पत्रं थांबली. आमच्याकडून शेवटचं उत्तर गेलं नाही, असं बाबांना वाटतं.

गाव : —

पेणला मी एका रविवारी गेले. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्ल्यांमधून विचारत विचारत सिनेगॉगपर्यंत पोहोचले. आधी कळवलं नव्हतं, त्यामुळे बाहेरूनच पाहिलं. ज्या दुकानदाराला पत्ता विचारला त्याने एका दमात सांगितलं, आणि वर विचारलं, ‘इस्रायलहून आलात?’ मी ‘रोह्याहून’ म्हटल्यावर त्याचा हिरमोड झाला.

अष्टमीच्या सिनेगॉगमध्ये शेवटी गेले. घरापासून चालत. इतकी वर्षं त्या रस्त्याने गेले, कधी आत पाय ठेवला नव्हता. या वेळी आधी फोन केला होता. एका काकांनी दार उघडलं. पादत्राणं काढली. मध्ये प्रार्थनेचा कठडा आहे, पश्चिमेला, जेरुसलेमच्या दिशेला, तोरा ठेवायचं कपाट. काका म्हणाले की सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. इमारत असून चालत नाही, दहा माणसं लागतात. सणाला मुंबई-ठाण्याहून लोक आले की जमतात. देशभरात आता हा समाज पाच हजारांच्या आत आहे, इस्रायलमध्ये त्याच्या कित्येक पट. तिकडून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर बहुतेक जण गेलेले होते. स्पेननेही २०१५ मध्ये कायदा केला की हाकललेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व मागता येईल. पाचशे तेवीस वर्षांनी.

मी काकांना आमच्या चौकटीचं सांगितलं. ते म्हणाले, ‘जाताना मेझुझा काढून नेली असेल. चांगलं केलं. मागे ठेवायची नसते.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘चौकट बदलणार आहात?’ बदलणार होतो. बाबांनी वाळवीमुळे सुताराला सांगून ठेवलं होतं. उजवा खांब मात्र शाबूत आहे, तो ठेवा असं मी त्याच संध्याकाळी सांगितलं. सुतार म्हणाला, एक बाजू जुनी आणि एक नवी, विचित्र दिसेल. म्हटलं, दिसू दे.

निघताना काकांनी पाहुण्यांची वही पुढे केली. अश्दोद, दिमोना, बेरशेबा, लोद. हिब्रूत, इंग्रजीत, आणि मधूनच थरथरत्या हाताने मराठीत. एका ओळीत फक्त ‘माझ्या आईचे गाव’ एवढंच. कोर्दोबात आम्ही सगळे तिकीट काढून आलेले प्रवासी होतो, त्या खोलीशी कुणाचंच नातं नव्हतं. इथे प्रत्येक ओळीचं होतं.

मी नाव लिहिलं. पुढचा रकाना होता ‘गाव’. तिथे लिहिलं, अष्टमी.

काकांनी वही फिरवून वाचली आणि हसले. म्हणाले, ‘फार दिवसांनी हे नाव आलं या रकान्यात.’